तोंडात आग, जिभेवर गप्पा: ड्रॅगनबॉर्नबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ड्रॅगनबॉर्न लोकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की ह्यावेळचं सगळं सदर त्यांनाच देतेय. ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन लोकांचा, १९७४ साली आलेला. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय बोलतं काय करतं ते स्वतः ठरवतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासे टाकतात. बस एवढंच. ड्रॅगनबॉर्न ही त्यातली एक जमात, ड्रॅगनच्या रक्ताची, दोन पायांवर चालणारी, अंगभर बारीक खवले असलेली. आता पत्रांकडे वळूया.

प्रश्न: आमचा कॉलेजचा ग्रुप नुकताच खेळायला लागलाय. मला ड्रॅगनबॉर्न घ्यायचाय, पण खूप बोलणारा, गप्पिष्ट, वाटेत भेटेल त्याच्याशी तासभर बोलत बसणारा. ग्रुपमधले म्हणतात की ड्रॅगनबॉर्न म्हणजे शूर, अभिमानी, कमी बोलणारे योद्धे, असा बडबड्या चालणारच नाही. खरं काय? (एक वाचक, पुणे)

चालणार, आणि अगदी नियमात बसून चालणार. तुझ्या ग्रुपला पितळी ड्रॅगनची ओळख करून दे.

२०१४ च्या नियमपुस्तकात ड्रॅगनबॉर्न घेताना दहापैकी एक वंश निवडायचा असतो. पाच रंगांचे: काळा, निळा, हिरवा, लाल, पांढरा. आणि पाच धातूंचे: पितळ, कांसं, तांबं, सोनं, चांदी. तोंडातून काय बाहेर पडणार ते वंशावर ठरतं. काळा आणि तांबं म्हणजे ॲसिड, निळा आणि कांसं म्हणजे वीज, हिरवा म्हणजे विष, चांदी आणि पांढरा म्हणजे गारठा, लाल, सोनं आणि पितळ म्हणजे आग. बहुतेक लोक इथेच थांबतात, डॅमेज, म्हणजे समोरच्याला किती इजा होते ते, बघतात आणि पुढे जातात. पण त्या वंशामागे जो मूळ ड्रॅगन आहे त्याचा स्वभाव कुणी वाचतच नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

पितळी ड्रॅगन हा सगळ्या ड्रॅगनांमध्ये सगळ्यात माणसाळू, म्हणजे गप्पांसाठी अक्षरशः तहानलेला. वाळवंटात राहतो, ऊन आवडतं, आणि रस्त्याने जाणारा कुणी शहाणासुरता प्राणी न बोलताच निघाला तर त्याच्या मागे मागे जातो. पळायला बघितलं तर चिडून झोपेचा वायू सोडतो, आणि जाग येते तेव्हा तो माणूस गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला असतो आणि समोर हा गप्पा मारायला बसलेला. त्याच्या खजिन्यातल्या सगळ्यात लाडक्या वस्तू कुठल्या, तर ज्यांच्याशी बोलता येतं त्या! मनात बोलणारी तलवार, किंवा आत जिन्न अडकलेला दिवा. आयुष्यभरात हजारो प्राण्यांशी बोलून तो माहिती गोळा करतो आणि ती माहिती भेटवस्तूंच्या बदल्यात देतो. हे नीट लक्षात घे, कारण बाकीचे ड्रॅगन सोनं साठवतात तसं हा त्याच्याबरोबर बोलणंही साठवतो.

आता अशा ड्रॅगनचं रक्त ज्या कुळात आहे ते कुळ कसं असेल? पुस्तकात पितळी कुळांची वेगळी संस्कृती दिलेली नाही, त्यामुळे इथून पुढचं आमच्या टेबलवरचं आहे, आम्ही सात वर्षं खेळताना हळूहळू बनवलेलं, आवडलं तर घे.

आमच्या पितळी कुळात ऐकलेली गोष्ट हे कर्ज असतं. कुणी तुला काही सांगितलं, वाट सांगितली, आजीच्या आजाराबद्दल सांगितलं, काहीही, तर तू त्याला एक गोष्ट देणं लागतोस, आणि ती फेडल्याशिवाय त्या माणसाचा निरोप घ्यायचा नाही. म्हणून बाहेरच्यांना वाटतं की हे लोक बोलणं संपवतच नाहीत, पण ते खरं तर हिशोब पूर्ण करत असतात. दुसऱ्याची गोष्ट सांगताना आधी ती कुणाकडून आली ते नावानिशी सांगायचं, "हे मला मीठवाल्या म्हातारीने सांगितलं, तिला तिच्या भावाने", कीर्तनकार आधी गुरुपरंपरा सांगतात ना, तसं. आणि त्यांच्यात खोटं बोलणं म्हणजे नुसतं पाप नाही, चोरी आहे, कारण तू खजिन्यात नकली नाणं टाकलंस.

आणि सगळ्यात मोठी शिक्षा कुठली, तर अबोला. नियमपुस्तकातही आहे की ड्रॅगनबॉर्नला कुळ जिवापेक्षा मोठं आणि कुळाची अब्रू घालवली तर हद्दपारी होऊ शकते. आमच्याकडे हद्दपारीची सुरुवात अशी होते की एका सकाळी कुळातलं कुणीच तुझ्याशी बोलत नाही. आमच्या एका खेळाडूचं पात्र असंच बाहेर पडलंय, तीन महिने घरात कुणी शब्द बोललं नाही म्हणून निघून आलंय, आणि ते जे सतत बोलत असतं ते त्या तीन महिन्यांमुळे. हे कळल्यावर टेबलवरचं कुणीही त्याला "गप रे" म्हणालं नाही परत.

एक सांगते, हे वाळीत टाकण्याचे प्रसंग खेळवताना जपून. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे तो उगाच नाही, हे लोकांनी खरंच भोगलंय. टेबलवर कुणाच्या घरात असं घडलेलं असू शकतं, सुरू करण्याआधी विचारून घ्या.

तुझ्या ग्रुपला अजून एक सांग, ह्याच नियमांत ड्रॅगनबॉर्नला ताकदीत दोन आणि करिष्म्यात एक असा बोनस मिळतो. करिष्मा म्हणजे बोलण्याचं बळ. कमी बोलणारी जमात असती तर तो एक तिथे कशाला दिला असता?

प्रश्न: माझा तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत हा खेळ खेळतो. हल्ली घरात नाव विचारलं की आधी भलंमोठं आडनाव सांगतो आणि मग नाव. म्हणतो आमच्यात असंच असतं. हे काय आहे? काळजी करण्यासारखं आहे का? (एक आई, ठाणे)

ताई, काळजीचं काहीच नाही, उलट तो पुस्तक नीट वाचतोय. ड्रॅगनबॉर्न लोकांत कुळाचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर, तो कुळाचा मान असतो. आणि कुळांची नावं खरंच भलीमोठी असतात, फेनकेनकाब्राडॉन, व्हर्थिसाथर्गिएश, ओफिनश्तालाजीर अशी, तोंडात मावत नाहीत. त्यामानाने स्वतःची नावं सुटसुटीत असतात, मुलींची अक्रा, बिरी, सोरा, नाला, मुलांची क्रिव्ह, मेद्राश, तोरिन.

तुम्हाला गंमत वाटेल असं अजून एक आहे. ही बाळं अंड्यातून येतात, बाहेर आल्यावर काही तासांत चालायला लागतात, तिसऱ्या वर्षी आपल्या दहा वर्षांच्या मुलाएवढी होतात आणि पंधराव्या वर्षी मोठी माणसं. जगतात साधारण ऐंशी वर्षं. म्हणजे तुमचा तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्या हिशोबाने मिसरूड फुटलेला म्हणा ना, अजून दोन वर्षांत कुळाच्या बैठकीत बसायचा! त्याला विचारा की तुझ्या पात्राचं कुळात काम काय आहे, कारण त्यांच्यात प्रत्येकाची जागा आणि जबाबदारी ठरलेली असते. मला खात्री आहे की तो तुम्हाला जेवण होईपर्यंत सांगत बसेल.

प्रश्न: आम्ही पूर्ण खेळ मराठीत खेळतो. ड्रॅगनबॉर्नना लहानपणी जी टोपणनावं पडतात ती इंग्रजीत आहेत, तशीच ठेवली की कानाला खटकतात. भाषांतर कसं करायचं? (एक वाचक, नाशिक)

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे ह्या महिन्यातला.

आधी बाकीच्यांसाठी: एका उबवणीची भावंडं एकमेकांना टोपणनावं ठेवतात, ती एखाद्या प्रसंगावरून किंवा सवयीवरून पडतात. पुस्तकात यादी आहे. सारखं वर चढणाऱ्याचं क्लायंबर, उड्या मारणाऱ्याचं लीपर, ढालीला चावणाऱ्याचं शील्डबायटर, आणि समोरच्याचा कान सोडत नाही त्याचं इअरबेंडर. म्हणजे बघा, बडबड्या ड्रॅगनबॉर्नसाठी नाव पुस्तकातच तयार आहे, पहिल्या पत्रातल्या मित्रानेही हे वाचावं.

शब्दाला शब्द ठेवू नका. इअरबेंडरला "कानवाकव्या" केलं तर ते आपल्याकडच्या कुठल्याच भावंडाच्या तोंडी येणार नाही. आपल्याकडे कान किटतात, डोकं खातात, तोंडाला खीळ नसते, जिभेला हाड नसतं, तोंडाचा पट्टा सुरू असतो. आमच्याकडे त्याचं "कानकिट्या" झालं आणि ते इतकं चिकटलं की त्या पात्राचं खरं नाव आता मलाही, मी डीएम असून, वहीत बघावं लागतं. शील्डबायटरचं आम्ही "ढालखाऊ" केलं. लीपरसाठी "टोळ" घेतलं, नाकतोडा असतो ना तो. चढणाऱ्याला "वानर" म्हणायचं की "घोरपड" ह्यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी घोरपड जिंकली कारण खवले आहेत! तुमच्या गावाकडची टोपणनावं आठवा, गण्या, पिंट्या असली नकोत, तर ज्यांच्यामागे किस्सा असतो ती, शाळेत एकदा शाई प्यायला म्हणून आयुष्यभर शाईराम, तसली. ड्रॅगनबॉर्नच्या टोपणनावांचा मसाला अगदी तोच आहे.

कुळांची लांबलचक नावं मात्र तशीच ठेवा, त्यांचं भाषांतर नको. ती ड्रॅकॉनिक भाषेतली आहेत, खूप जुनी भाषा मानतात ती त्या जगात, जादूच्या अभ्यासात वापरतात, तिला स्वतःची लिपी आहे आणि ऐकायला ती कठोर, कडक व्यंजनांची आणि स श च्या फुत्काराची. मराठीत बोलताना ड्रॅगनबॉर्नसाठी मी ट, ठ, ड, ख, श हे जरा दाबून बोलते. आपल्याकडे हे आवाज भरपूर आहेत, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागत नाही.

प्रश्न: मी सहा महिने बोलका ड्रॅगनबॉर्न खेळतोय. गेल्या सेशननंतर डीएमने बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यामुळे बाकीच्यांना बोलायलाच मिळत नाही. वाईट वाटलं. पात्रच तसं आहे, मी काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

वाईट वाटणं साहजिक आहे, आणि डीएमने बाजूला घेऊन सांगितलं हे चांगलं केलं त्याने. पण मित्रा, "पात्रच तसं आहे" हे मला पटत नाही. पात्र तू बनवलंयस.

वर पितळी ड्रॅगनबद्दल लिहिलंय ते परत वाच. तो गप्पा मारतो म्हणजे काय करतो? माहिती गोळा करतो. एकट्याने बडबडायचं असतं तर वाळवंटात कोण अडवत होतं, त्यासाठी कुणाला वाळूत पुरायची काय गरज? त्याला समोरच्याचं ऐकायचं असतं म्हणून तो माणूस पकडून ठेवतो. खरा बोलका माणूस कसा असतो ते एसटीत बघ. कोल्हापूरहून पुण्याला जाताना शेजारी एखादे काका बसतात आणि कराड येईपर्यंत त्यांना तुझं गाव, शिक्षण, आजोळ, पगार सगळं कळलेलं असतं आणि तुला त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी माहीत असतात. ते बोलले कमी, विचारलं जास्त, पण आपण घरी गेल्यावर सांगतो की काका फार बोलके होते.

आमच्या टेबलवर मी एक साधा नियम ठेवलाय: बोलक्या पात्राने तीन वाक्यं बोलायची आणि चौथं वाक्य प्रश्न असायला हवं, आणि तो प्रश्न टेबलवरच्या दुसऱ्या पात्राला, डीएमच्या पात्राला नाही. म्हणजे वेशीवर पहारेकरी भेटला तर तू एकटाच त्याच्याशी वीस मिनिटं घासाघीस करू नकोस. असं कर: "दादा, आम्ही लांबून आलोय, उन्हाने खवले तडकलेत. ही आमची वैद्य, हिने काल रात्री एका बाळंतिणीला वाचवलं, मी दारात उभा होतो, मला सगळं नाही दिसलं. सांग ना गं, नक्की काय केलंस तू?" झालं, आता सगळे वैद्य खेळणाऱ्या मुलीकडे बघतायत, ती जी कोपऱ्यात गप्प बसलेली असते तिला आयता सीन मिळाला, आणि तुझं पात्र अजिबात गप्प झालेलं नाही.

दुसरं, लोकांनी सांगितलेलं लक्षात ठेव. वही ठेव चक्क. तिसऱ्या सेशनला कुणाच्या पात्राने म्हटलं असेल की माझ्या बहिणीला चिंचा आवडायच्या, तर नवव्या सेशनला बाजारात तुझ्या पात्राने चिंचा विकत घ्याव्यात. आमच्याकडे हे झालं तेव्हा तो खेळाडू एक मिनिट काही बोलला नाही, फक्त "तुला आठवतंय?" म्हणाला. हा खजिना आहे, कळतंय का? पितळी रक्त हेच.

आणि आग जपून वापर. २०१४ च्या नियमांत श्वासाचं अस्त्र एकदा वापरलं की विश्रांती घेतल्याशिवाय परत येत नाही, पितळी वंशाला ती आग पाच फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी सरळ रेषेत जाते. बोलणंही तसंच नेम धरून, एका दिशेला सोड.

प्रश्न: मला लोकांसमोर बोलायला घाबरायला होतं पण बोलकं पात्र खेळायची फार इच्छा आहे. वेडेपणा वाटतो का? (एक वाचक, अकोला)

अजिबात नाही. प्रत्येक वाक्य तोंडाने बोलून दाखवायची सक्ती कुठेच नाहीये. "माझी ड्रॅगनबॉर्न त्या दुकानदाराला अर्धा तास पावसाच्या गप्पांत गुंतवून ठेवते" असं नुसतं सांगितलंस तरी ती गप्पा मारतेच आहे, फासे टाक आणि पुढे जा. आणि २०२१ मध्ये रत्न-ड्रॅगनच्या वंशाचे ड्रॅगनबॉर्न आलेत, पुष्कराज, पाचू, नीलम वगैरे, त्यांना मनातल्या मनात बोलता येतं, तीस फुटांच्या आत दिसणाऱ्या कुणाशीही, भाषा एक नसली तरी. गर्दीत तोंड न उघडता अखंड बोलणारी मुलगी, मला तर हे पात्र फार आवडेल. खेळ आणि कळव.

प्रश्न: हे लोक ड्रॅगनची पूजा करतात का? (एक वाचक, बेळगाव)

कुठल्या जगात खेळताय त्यावर आहे. २००६ मध्ये ड्रॅगनबॉर्न पहिल्यांदा आले तेव्हा ते जन्माने तसे नव्हतेच, दुसऱ्या जमातीतले लोक बाहामुत ह्या ड्रॅगनदेवासाठी विधी करून अंड्यात जायचे आणि नवीन शरीर घेऊन बाहेर यायचे. २००८ पासून ते जन्मजात जमात झाले. फॉरगॉटन रेल्म्स ह्या खेळातल्या एका तयार जगात तर उलटंच आहे, तिथले ड्रॅगनबॉर्न आबेर नावाच्या दुसऱ्या जगात ड्रॅगनांचे गुलाम होते, लढून सुटले, आणि तिथल्या कालगणनेच्या १३८५ मध्ये मोठी उलथापालथ झाली तेव्हा आपल्या भूमीसकट ह्या जगात येऊन पडले. त्यांच्या देशाचं नाव टायमँथर. त्यांच्यासमोर ड्रॅगनचं कौतुक करू नका, आणि देवाची भक्ती म्हणजेही परत कुणाची तरी चाकरी असं त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. अडचण आली तर ते आधी स्वतः धडपडतात, मग कुळाकडे, मग दुसऱ्या ड्रॅगनबॉर्न कुळांकडे, त्यानंतर इतर जमाती, आणि देवाकडे जायचं तर अगदी शेवटी.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. नातू हा खेळ खेळतो, मीही शेजारी बसून ऐकतो. आपल्याकडे असं काही आहे का, सर्पवंशातलं आणि बोलण्यात पटाईत? नातवाला सांगायचं आहे. (एक आजोबा, सातारा)

आहे ना सर, आणि तुम्हाला ते नक्की माहीत असणार. महाभारतातला आस्तिक.

नाग आणि ड्रॅगन एक नव्हेत, ते मी एकत्र करणार नाही. नागांना त्यांची स्वतःची कुळं आहेत, वासुकी, तक्षक, आणि त्यांचं पाताळ वेगळं. पण वंशाचं म्हणाल तर आस्तिक अगदी तसाच, बाप जरत्कारू ऋषी आणि आई वासुकीची बहीण, तिचंही नाव जरत्कारूच. म्हणजे अर्धा माणूस, अर्धा नाग. बाप परीक्षिताला तक्षक चावला म्हणून राजा जनमेजयाने सर्पसत्र, म्हणजे नागांना जाळायचा यज्ञ, मांडलं, मंत्रांनी ओढले जाऊन नाग आगीत पडत होते, आणि तेव्हा हा कोवळा मुलगा तिथे गेला. शस्त्र नाही, सैन्य नाही. तो बोलला फक्त. यज्ञाची, ऋत्विजांची म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांची, राजाची इतकी सुंदर स्तुती केली की राजा म्हणाला वर माग. तक्षक वरून आगीत पडायला आलेला, त्याला आस्तिकाने "थांब, थांब" म्हणून हवेतच थोपवलं आणि राजाकडे मागितलं की हे सत्र बंद कर. आणि त्याच सत्राच्या मधल्या वेळात वैशंपायनांनी जनमेजयाला महाभारत सांगितलं, म्हणजे शेजारी आग आणि गोष्ट दोन्ही चालू होतं.

माझी आजी साप दिसला की "आस्तिक, आस्तिक" म्हणायची, मला लहानपणी वाटायचं की तो मंत्र आहे, नाव आहे हे फार नंतर कळलं.

नातवाला सांगाल तेव्हा पूर्ण सांगू नका सर. तक्षक पडतोय, राजा वर माग म्हणतोय, ऋत्विज म्हणतायत जरा थांबा आधी तक्षक पडू दे, तिथपर्यंत या आणि थांबा, आणि त्याला विचारा की तू आता काय बोलशील.